शर्यतीच्या कुत्रीची मेंदी मी धुतली

मंडळी, आज मी माती खाल्ली.

महिन्यापूर्वी इथे ओमानात शर्यतीचे कुत्रे सांभाळायची नोकरी लागली. आज सकाळी बघतो तर रीम नावाच्या कुत्रीच्या चारही पंजांना मेंदी थापलेली! पोरांचा चाळा समजून घासून धुतली.

परवा शर्यत आहे. तापल्या वाळूत तळवे सोलू नयेत म्हणून अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या आईने स्वतः लावली होती म्हणे. म्हटलं, नोकरी खलास!

म्हातारीने पुन्हा मेंदी भिजवली. रीमचे पंजे झाल्यावर वाटी माझ्याकडे सरकवली. "यल्ला, चल, आता तू लाव. तुझ्या टाचा बघ केवढ्या फुटल्यात."

अकरा वर्षं या देशात आहे. माझ्या टाचा पहिल्यांदाच कोणाला दिसल्या.

तुमच्या पायांकडे शेवटचं कोणी बघितलं होतं?