वरच्या मजल्यावरची मदत

जबलपूरच्या रांझीतल्या त्या दुमजली घरात खाली सत्यभामाबाई खोब्रागडे राहत आणि वर त्यांचे धाकटे दीर चंद्रशेखर. मधे एक जिना होता आणि विळ्याभोपळ्याचं नातं होतं. घर दोघा भावांनी मिळून बांधलेलं. थोरले लक्ष्मणराव, सत्यभामाबाईंचे यजमान, खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत नोकरीवर असतानाच वारले, मूलबाळ नव्हतं, आणि सासू पार्वताबाई खालीच राहिल्या, कारण म्हातारीला जिना चढवत नव्हता. म्हणजे निदान चंद्रशेखर तरी लोकांना असंच सांगत.

सत्यभामाबाईंची सगळी उमर रेल्वेच्या ऑफिसात गेली. बाई टायपिंगवरून कॉम्प्युटरवर आल्या तेव्हा ऑफिसातले बाप्ये घाबरून रजेवर जात होते. नाकावर माशी बसू द्यायची नाही हा त्यांचा स्वभाव. भाजीवाल्याशी हिंदीत भांडत, पण खरा राग आला की मराठीत उतरत, आणि समोरच्याला मराठी येत नसलं तरी तो सगळं समजून गप्प बसे. रिटायर झाल्यावर त्यांनी स्वतःच्या पैशानं घरी कॉम्प्युटर घेतला. कोणाला विचारलं नाही. त्या कोणाला विचारतच नसत.

खरं तर विचारण्यासारखा माणूस घरातच होता. चंद्रशेखर फॅक्टरीच्या ऑफिसात कॉम्प्युटरच्या सेक्शनला होते, आणि रिटायर झाल्यापासून अख्ख्या कॉलनीचे डॉक्टर झाले होते. कोणाचा प्रिंटर कागद गिळे, कोणाच्या मोडेमचा दिवा लाल होई, कोणाच्या पोरानं व्हायरस घुसवलेला असे. हे रेक्झिनची बॅग घेऊन जात. पैसे घेत नसत. घेतले असते तर बरं झालं असतं. गेल्या गेल्या पहिला प्रश्न पोलिसासारखा: "कोणी हात लावला होता?" सगळे म्हणत, कोणीच नाही. मग हे घरातल्या बाईला सगळ्यांदेखत शिकवत, की मशीन आपोआप बिघडत नसते, आपोआप बिघडतात ती माणसं. काम मात्र चोख करत. माणूस हुशार होता, त्याबद्दल वाद नाही. पण मदतीच्या वाटीत विष कालवून द्यायची सवय होती. लोक पीत, कारण दुसरीकडे जायचं म्हणजे शहरात जायचं.

सत्यभामाबाईंनीही एकदा ते प्यायलं होतं. नवीन कॉम्प्युटरला माउस चालेना, तेव्हा नाइलाजानं जिन्याखालून हाक मारली. चंद्रशेखर उतरले, मागे वाकले, सुटलेली वायर खोचली आणि काहीच बोलले नाहीत. बाईंना वाटलं, सुटले. पुढच्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर चहा चालला होता, तिथं त्यांनी हसत हसत सगळ्यांना सांगितलं, "आमच्या वहिनीनं रेल्वे चालवली म्हणे, पण वायर लावता येत नाही." लोक हसले. सत्यभामाबाईंनी चहाचा कप तसाच ठेवला आणि पायी घरी आल्या. त्या दिवसापासून दिराशी बोलणं बंद. काही निरोप असला तर त्यांची बायको प्रतिमा मधे पडे, बिचारीचं आयुष्य त्या जिन्यावरच गेलं.

पण खरा राग वायरीचा नव्हता. खरा राग पार्वताबाईंपायी होता.

म्हातारी भंडाऱ्याकडची. नवऱ्याला फॅक्टरीत नोकरी लागली म्हणून नवी नवरी होऊन जबलपूरला आली आणि मरेपर्यंत हिंदीशी तिचं जमलं नाही. बाजारात मुकी, घरात मात्र जात्यावरच्या ओव्यांचं पोतं. जातं केव्हाच गेलं, ओव्या राहिल्या. शेवटची दोन वर्षं ती अंथरुणाला खिळली, तेव्हा तिचं हगणंमुतणं सत्यभामाबाईंनी काढलं. चंद्रशेखर सकाळी दूध आणायला उतरत तेव्हा उंबऱ्याबाहेर उभे राहून विचारत, "कशी आहेस आई?" आणि उत्तर यायच्या आत फाटकाशी पोचलेले असत. आत यायला त्यांना वास येत असावा.

त्या दोन हिवाळ्यांत सत्यभामाबाईंनी एक छोटा माइक आणला, वायर लांब करून म्हातारीच्या उशाशी ठेवला, आणि दुपारचं ऊन खिडकीत आलं की म्हणत, "हं आई, म्हणा." म्हातारी म्हणे. भावाच्या, बापाच्या, बाबासाहेबांच्या, मेलेल्या लेकाच्या. घसा बसलेला, पण सूर जागच्या जागी. सगळं त्या कॉम्प्युटरात साठत गेलं. आणि एक दिवस तिनं मधेच थांबून, वर बघत, नवीनच ओवी रचली, धाकट्याच्या नावाची. पुन्हा एकदा म्हटली. मग म्हणाली, "हे चंदूले ऐकवजो माय."

"ऐकवीन," सत्यभामाबाई म्हणाल्या. आणि नाही ऐकवली.

म्हातारी गेली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी चंद्रशेखर चारचौघांत हमसाहमशी रडले. म्हणाले, आईचा आवाज आठवायला जातो तर कानात येत नाही. सत्यभामाबाई भिंतीशी बसून ऐकत होत्या. आवाज दहा पावलांवर, आतल्या खोलीत होता. त्यांनी तोंड उघडलं नाही, आणि त्या दिवशी जेवण त्यांना गोड लागलं. देऊ की केव्हातरी, त्यांनी मनाशी ठरवलं, पण मागायला तर येऊ दे. मागणार कसा, ज्याला ठाऊकच नाही? हा विचार त्यांनी केला नाही असं नाही. केला आणि बाजूला ठेवला.

ओव्यांची दुसरी प्रत नव्हती. सीडी काढायचं खूप दिवस मनात होतं, पण सीडीचा कप्पा उघडेना, आणि तो उघडून देणारा माणूस वर राहत होता.

मग एका सकाळी कॉम्प्युटर उठलाच नाही. काळा पडदा, वर पांढरी इंग्रजी ओळ, बस्स. सत्यभामाबाईंनी बंद केला, चालू केला, वायरी खोचून पाहिल्या, शेवटी वर फडकं टाकलं आणि पलंगावर बसून राहिल्या. लक्ष्मणराव गेले तेव्हासुद्धा त्यांचे हात असे गार पडले नव्हते. मग उठून शहरातल्या एका दुकानाला फोन लावला. दुकानवाला म्हणाला, "मैडम, घबराइए मत। विंडोज़ उड़ गई होगी। हार्ड डिस्क ठीक है तो डेटा सब निकल आएगा। डब्बा लेके आ जाइए।" बाईंनी त्याला तीन वेळा विचारलं की आवाजाच्या फाइलीही निघतात का. त्यानं तिन्ही वेळा हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो डबा जुन्या चादरीत बांधून जिन्याखाली ठेवला, म्हणजे ऑटोवाल्याला उचलायला सोपं. मग बँकेचं काम उरकून येतानाच ऑटो घेऊन येऊ म्हणून गेल्या. बँकेत रांग होती. परतल्या, चादरीचं गाठोडं ऑटोत ठेवलं, मांडीवर एक हात आणि गाठोड्यावर एक हात ठेवून शहरात गेल्या.

दुकानवाल्यानं डब्याचं झाकण काढलं, आत टॉर्च मारला आणि मान वर केली. "इसमें तो हार्ड डिस्क ही नहीं है, मैडम।"

"कैसे नहीं है?"

"किसी ने निकाली है। पेंच भी सलीके से वापस कसे हैं।"

पेच परत कसून ठेवणारा माणूस सत्यभामाबाईंना माहीत होता. येताना त्या ऑटोत ओठ दाबून बसल्या होत्या. चोरली असेल, त्यांना वाटलं. कसा कोण जाणे, त्याला ओव्यांचा सुगावा लागला असेल, आणि आता वर बसून आईचा आवाज ऐकत असेल. राग तर होताच, पण खरं सांगायचं तर त्या रागातही एक धीर होता. चोरली म्हणजे आहे तरी.

चंद्रशेखर जिन्याशीच उभे होते. कित्येक वर्षांनी ते आपणहून बोलले, आणि आवाजात कौतुकाची वाट पाहणाऱ्या माणसाची ऐट होती.

"काय वहिनी, काय म्हणला दुकानवाला?"

"आत डिस्क नाही म्हणे."

"असन कशी? मी काढली ना." त्यांनी खिशातून प्लास्टिकची पिशवी काढून पुढे केली. "जिन्याखाली गाठोडं पाहिलं तेव्हाच समजलो मी, तुम्ही तर तशीच दुकानात घेऊन चालल्या होत्या. त्याच्यात बँकेचं, पेन्शनचं, सगळं असते. हे दुकानवाले काय काय काढून घेतात माहीत आहे? आमच्या सेक्शनमधून डिस्क आत ठेवून मशीन गेटबाहेर गेली असती, तर नोकरी गेली असती माझी. बाहेर जायची म्हणजे आधी डिस्क काढा, ड्रिल मारा, मगच पाठवा. नवी टाकून देईन मी तुम्हाले. चलो, आता कोणाच्या बापाले काही भेटत नाही."

पिशवीत डिस्क होती. तिच्यात आरपार तीन छेद, एका रेषेत, कडा कानशीनं घासून गुळगुळीत केलेल्या.

सत्यभामाबाईंनी ती हातात घेतली. बराच वेळ उलटीसुलटी केली.

"मले विचारलं काहून नाही?"

"तुम्ही बोलता कुठं माझ्याशी? विचारू कोणाले?"

"आई होती याच्यात," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"कोण आई?"

"तुमची. ओव्या म्हणत होती. दोन हिवाळे बसून भरल्या मी. तुमच्या नावाचीबी एक होती."

चंद्रशेखर आधी हसले. मग म्हणाले, "झूठ बोलून राहिल्या तुम्ही." मग त्यांनी वहिनीच्या तोंडाकडे पाहिलं आणि पायरीवर बसले. वर दारात प्रतिमा येऊन उभी राहिली होती, ती खाली उतरली नाही.

"आता काढता येते का काही?" सत्यभामाबाईंनी विचारलं. या माणसाला त्यांनी काही मागावं, असं त्या माउसनंतर हे पहिल्यांदाच घडत होतं. "तुम्हाले तर सगळं येते. पाहा ना भाऊजी."

चंद्रशेखरांनी डिस्क घेतली नाही. "नाही," ते म्हणाले. "निघू नये म्हणूनच तर ड्रिल मारतात."

मग त्यांचा आवाज फुटला. "मले सांगितलं काहून नाही? इतके दिवस? मी रडलो तेव्हा तुम्ही तिथंच बसल्या होत्या."

"सांगायचं काय? आई दोन वर्षं याच दाराच्या आत होती. तुम्ही उंबरा ओलांडला असता तर तिनंच म्हणून दाखवली असती."

हे बोलताना बाईंना हलकं वाटायला हवं होतं. इतकी वर्षं हेच वाक्य त्या मनात घोटत होत्या. पण ते तोंडातून सुटलं आणि त्यांना फक्त थकल्यासारखं झालं. हातातली डिस्क त्यांचीही होती. राग दिरावर होता, पण नुकसान दोघांचं झालं होतं, आणि त्यातला अर्धा वाटा आपणच दाबून ठेवून घडवला, हे त्यांना तिथंच, उभ्या उभ्या कळलं. कळलं म्हणून राग कमी झाला नाही.

"वहिनी." चंद्रशेखर वर न पाहता म्हणाले. "माझ्या नावाची ती. काय म्हणे आई?"

सत्यभामाबाईंना ती पाठ होती.

*वरच्या माडीवर चंदूचं पाऊल,*
*मायच्या जिवाले तेवढीच चाहूल.*

"मले आठवत नाही," त्या म्हणाल्या.

"थोडीशी तरी. एक ओळ."

"नाही म्हणते ना."

त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. ओट्याशी उभं राहून त्यांनी दोन्ही ओळी हलक्या आवाजात म्हणून पाहिल्या. शब्द सगळे होते. सूर मात्र लागेना; दोनदा लावून पाहिला, दोन्ही वेळा तो त्यांचा स्वतःचाच, ऑफिसात मोठा झालेला, खडबडीत आवाज निघाला. बाहेर चंद्रशेखर अजून वर गेले नव्हते. त्यांनी एकदा दारावर थाप मारून पुन्हा विचारलं. त्या दोन ओळी, देण्यासारखं एवढंच आता सत्यभामाबाईंजवळ उरलं होतं, आणि त्यांनी ते दिलं नाही.