पट्टीबाई

पट्टीबाईंचा हात आधी चालायचा आणि तोंड नंतर. गायनवर्गात सूर चुकला की लाकडी पट्टी सपकन तळहातावर बसायची, आणि ती का बसली हे बाई मागाहून सांगायच्या. आम्हीसुद्धा इतके तयार झालो होतो, की आपला सूर घसरलाय हे स्वतःच्या कानाला कळलं की कुणी न सांगता तळहात पुढे करायचो. डोळे मिटायचे नाहीत आणि हात मागे घ्यायचा नाही, हा नियम होता. मागे घेतला तर पट्टी पुन्हा बसायची.

हैदराबादेतल्या आमच्या लहानशा मराठी ख्रिस्ती मंडळीत बाई ऑर्गन वाजवायच्या. त्यांचे वडील रेल्वेच्या नोकरीसाठी जालन्याहून इकडे आले आणि इथलेच झाले. बाईंनी लग्न केलं नाही. नारायणगुड्याच्या एका शाळेत संगीत शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि सुलतान बाजारामागच्या गल्लीत दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. खरं नाव शांताबाई, पण ते फक्त चर्चचे पाळकसाहेब वापरायचे.

अंगाने काटकुळ्या, पण राग असा की बघणाऱ्याला घाम फुटावा. एकदा आम्ही मुली त्यांच्याबरोबर सुलतान बाजारातून चाललो होतो. गर्दीत एका माणसाने आमच्यातल्या सुवार्ताच्या कमरेला चिमटा काढला. सुवार्ता काही बोलायच्या आत बाईंनी पायातली चप्पल काढून त्याच्या तोंडावर हाणली. तो बांगड्यांच्या हातगाडीवर कोसळला, काचांनी त्याचं कोपर फाटलं, तरी बाई मारतच होत्या. शेवटी बांगड्यावालाच हात जोडून म्हणाला, "बस करो अम्मा, मर जाएगा." घरी जाताना बाईंनी सुवार्ताला जवळ घेतलं आणि वाटभर तिचा हात सोडला नाही.

"मी मारते ते माझं म्हणून मारते," असं त्या नेहमी सांगायच्या. "परक्याच्या पोराला मी कशाला हात लावू?" आमच्या आईवडिलांना हे पटायचं. वर्ग संपला की बाई पिशवीतून शेंगदाण्याची चिक्की काढायच्या, आणि ज्याला जास्त मार बसला असेल त्याच्या लाल तळहातावर मोठा तुकडा ठेवायच्या. सगळ्यात मोठा तुकडा बहुतेक वेळा माझ्या धाकट्या भावाला, प्रसन्नला मिळायचा. मंडळीत त्याच्याइतका गळा कुणाचा नव्हता, म्हणून त्याच्यावर बाईंचं लक्ष जास्त होतं.

पुढे वर्ग ओसरत गेला. आमच्या मागची मुलं इंग्रजी शाळांतली. घरी मराठी बोलायची, तीही अर्धी दखनी, अर्धी तेलुगू. पण देवनागरी वाचताना अडखळायची. गीतांच्या ओळींखाली ती इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहून ठेवायची, आणि बाईंच्या नजरेला पडलं की पान टरकन फाडलं जायचं. त्याच सुमारास नारायणगुड्यात दुकानांच्या वरच्या मजल्यावर एका तरुण उपदेशकाच्या सभा सुरू झाल्या. सगळे त्याला ब्रदर म्हणायचे. तिथे गिटार होती, ड्रम होते, भिंतीवर मोठ्या अक्षरांत इंग्रजी शब्द उमटायचे आणि चुकलं तरी कुणी रागवत नव्हतं. ब्रदर सगळ्यांशी हळू बोलायचा. वर्षभरात आमचा अख्खा तरुण संघ तिकडे गेला. प्रसन्न तेव्हा बारावीत होता. सुवार्ताही गेली.

सुरुवातीला आई खूश होती. पोरगा पहाटे उठून प्रार्थना करतो, फोन बाजूला ठेवतो, उलटून बोलत नाही. मग तो जेवण टाळू लागला. मग खुर्चीला पाठ टेकेनासा झाला. एका सकाळी त्याचा बनियन पाठीला चिकटला होता आणि तो एकटाच आरशासमोर उभा राहून सोडवत होता. मी मागून जाऊन बघितलं. मानेपासून कमरेपर्यंत काळेनिळे वळ होते, काही फुटलेले. मी विचारलं तर तो अगदी शांतपणे म्हणाला, "मीच मागितले."

हळूहळू त्याने सगळं सांगितलं, आणि सांगताना त्याला अभिमान वाटत होता. देह जितका दुखेल तितका आत्मा हलका होतो, अशी ब्रदरची शिकवण होती. शनिवारी दुपारी शुद्धीची सभा असायची. प्रत्येकाने उभं राहून आपलं पाप सांगायचं, ते मनातलं असलं तरी. मग गुडघे टेकायचे, आणि ज्याच्यावर आपलं सगळ्यात जास्त प्रेम आहे त्याच्या हातात पट्टा द्यायचा. मारणाऱ्याने हात राखला तर तोही पापात भागीदार. ब्रदर स्वतः कुणाला बोट लावत नसे. तो बाजूला बसून गिटार वाजवायचा.

बाबा कामासाठी नांदेडला गेले होते. पुढच्या शनिवारी प्रसन्न आम्हाला ढकलून निघून गेला, तेव्हा आई आणि मी धावत बाईंकडे गेलो. तो फक्त त्यांचं ऐकेल असं आईला वाटलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. चपला घातल्या आणि आमच्या पुढे चालू लागल्या.

सभेच्या हॉलचं दार आतून लोटलेलं होतं. आत पोरं गोल करून उभी होती. मधे प्रसन्न उघड्या अंगाने गुडघ्यांवर होता आणि पट्टा सुवार्ताच्या हातात होता. ती हुंदके देत मारत होती. जुन्या वळांवर नवे वळ उठत होते, जमिनीवर रक्ताचे थेंब होते आणि प्रसन्नच्या तोंडून आवाज नव्हता. गिटार चालू होती.

बाई गोल फोडून आत शिरल्या. सुवार्ताने पट्टा उगारलेलाच होता. तो तिला थांबवता आला नाही. बक्कल बाईंच्या डाव्या कानावर बसलं. कान फाटला, रक्त मानेवरून पदरात उतरलं. बाईंनी तिच्या हातातून पट्टा हिसकावला आणि ब्रदरकडे वळून हात वर उचलला. त्या क्षणी तो मेला असता तरी मला वाईट वाटलं नसतं. तो भिंतीला चिकटला.

पण बाईंच्या समोर, खाली, प्रसन्न होता. वर झालेला बाईंचा हात त्याने बघितला आणि दोन्ही तळहात पुढे केले. डोळे उघडे ठेवून, हात न हलवता.

बाई तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांचा हात खाली आला आणि पट्टा गळून पडला. त्या त्याच्यासमोर बसल्या, त्याचे तळहात स्वतःच्या हातांत घेऊन मिटवले आणि म्हणाल्या, "हे मी शिकवलं तुला."

पुढचं सगळं भराभर झालं. मी शेजारच्या दवाखान्यातून माणसं आणली, बाईंना आणि प्रसन्नला टाके पडले. बाबा त्याच संध्याकाळी परतले आणि पोलिसांत जायला निघाले. मंडळीच्या पंचांना ते नको होतं. गोष्ट बाहेर गेली तर आपल्या साऱ्या लोकांवर बोट उठेल, दिवस बरे नाहीत, ब्रदरला समज देऊन पाठवून देऊ, असं त्यांचं म्हणणं होतं. भीती खोटी नव्हती. बाईंनी कानाला पट्टी बांधलेली होती. त्या पंचांना म्हणाल्या, "उद्या तो दुसऱ्या गावी जाऊन तिथल्या पोरांच्या हातात पट्टा देईल. ती पोरं कुणाची?" आणि बाबांबरोबर ठाण्याच्या पायऱ्या चढल्या.

कोर्टात ब्रदरच्या वकिलाने बाईंना घेरलं. माझ्या अशिलाने कुणाला हात लावला नाही, पण या साक्षीदार बाई वर्षानुवर्षं लहान मुलांना झोडपत आल्यात, हे खरं की खोटं, असं त्याने विचारलं. आमच्या वकिलाने बाईंना आधीच सांगून ठेवलं होतं, की आठवत नाही म्हणा. बाई म्हणाल्या, "खरं आहे. देवाचं नाव शिकवणाऱ्याने मारलं तर ते सोसायचं असतं, हे या पोरांना माझ्याकडूनच कळलं. म्हणून याचं काम सोपं झालं." कोर्टात मागे बसलेल्या आमच्या मंडळीतल्या कितीतरी जणांनी माना खाली घातल्या.

ब्रदरला शिक्षा झाली, पण थोडी. अपील करून तो सुटला आणि आता दुसऱ्या शहरात सभा घेतो असं ऐकलं. सुवार्ता त्याच्याच लोकांबरोबर गेली. तिच्या आईने दार लावून घेतलं होतं, तरी गेली.

बाईंना डाव्या कानाने ऐकू येईनासं झालं आणि ऑर्गन सुटला. मग त्या जुन्या विद्यार्थ्यांच्या घरोघरी जाऊ लागल्या. कुणी बँकेत, कुणी आबिड्सला दुकानात, कुणी आजोबा झालेला. बाई समोर बसून सांगायच्या, "मी तुला मारलं, ते चुकलं." लोक संकोचून हसायचे. तुमच्या मारामुळेच आम्ही घडलो बाई, असं कुणी म्हणालं की त्या चिडायच्या. "असं म्हणू नकोस. तू मार खाऊनही घडलास." माझ्याकडेही आल्या होत्या. मी नुसता चहा ठेवला.

प्रसन्न पुन्हा मंडळीच्या देवळात आला नाही. प्रार्थनेचा शब्द काढला की तो उठून बाहेर जायचा. सगळ्यांनी त्याला समजावलं, बाईंनी कधीच नाही. दर रविवारी उपासनेच्या वेळी त्या आबिड्सच्या एका इराणी हॉटेलात त्याच्यासोबत बसायच्या. चहा, उस्मानिया बिस्किटं आणि क्रिकेटच्या गप्पा. पाळकसाहेबांनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "एक पोरगं बाहेर बसलंय. मी त्याच्याजवळ बसते."

गेल्या उन्हाळ्यात बाईंना इस्पितळात ठेवलं. रविवारी आम्ही दोघं गेलो. बाईंना धाप लागत होती. प्रसन्न पलंगाशी उभा राहिला. मग त्याने विचारलं, "बाई, प्रार्थना करू?"

"माझ्यासाठी नको करूस," बाई म्हणाल्या. "तुला वाटलं तरच."

मी पाण्याची बाटली भरायला म्हणून व्हरांड्यात आले. परत गेले तेव्हा प्रसन्न त्यांच्यावर वाकून हळू आवाजात काहीतरी बोलत होता. मी दाराशीच थांबले. प्रार्थना होती की नुसतं बोलणं, ते मी त्याला तेव्हाही विचारलं नाही आणि बाई गेल्यानंतरही नाही.