अडलेल्यांची यादी

इंडोनेशियातल्या क्लातेनच्या तंत्रशाळेत संगणकांची खोली सांभाळणाऱ्या बू, म्हणजे बाई, लास्त्रींना कुणी लेखिका म्हटलं असतं तर त्यांना हसू आलं असतं. पण एका पानासाठी ही बाई अशी हट्टाला पेटली की भल्याभल्यांना घाम फुटला.

ते पान गिलांगचं. वयाने लास्त्रींहून वीस वर्षांनी लहान, पण डोकं तल्लख, म्हणून सगळे त्याला मास, म्हणजे दादा, म्हणत. त्याने एक साधन बनवलं होतं. हव्या त्या गोष्टींची यादी द्यायची, की अख्खी लिनक्स प्रणाली आपोआप बांधून मिळते. शाळेच्या जुन्या संगणकांना हेच हवं होतं. साधन खरोखर झकास. ते बसवायचं कसं हे सांगणारं पान मात्र वीतभर, आणि त्यात 'नेहमीच्या गोष्टी आधी बसवून घ्या' असलं वाक्य. कुणाच्या नेहमीच्या?

लास्त्री स्वतः चार दिवस अडल्या. मग शाळेतले आणखी दहा जण अडले आणि गुपचूप जुन्या प्रणालीकडे परतले. तक्रार एकाचीही नाही. आमच्याकडे माणूस गटांगळ्या खात असला तरी 'कळलं ना?' विचारल्यावर 'होय होय' म्हणतो. लास्त्रींनी विचारणंच सोडलं. वही घेऊन एकेकाच्या शेजारी बसल्या आणि बोट कुठे थांबतं तेवढं टिपत गेल्या. त्यातून सात पानं झाली. आधी काय काय बसवायचं त्याची नावानिशी यादी, डिस्कवर किती जागा लागते, फोल्डरच्या नावात मोकळी जागा सोडली की बांधणी मध्येच का कोसळते, सगळं आलं.

गिलांगने ती पानं चाळली आणि बाजूला ठेवली. "बू, हे तर बालवाडीचं पुस्तक झालं. तीन वर्षांत कुणाची तक्रार नाही."

"मग शनिवारी तुम्हीच बसवून दाखवा. तुमच्याच पानावरून."

शनिवारी शाळेत गिलांगसोबत त्या साधनावर काम करणारी सगळी मंडळी जमली. सोयाबीनचं तळलेलं तेंपे होतं, गोड चहा होता आणि लास्त्रींनी पुसून कोरा करून ठेवलेला संगणक होता. तिसऱ्या पायरीला गिलांगची बोटं सवयीने भलतंच काही टाइप करू लागली.

"पानावर आहे का ते?"

"नाही, पण हे सगळ्यांना माहीत असतं."

"मग हात मागे घ्या."

त्याने घेतले. पुढच्याच पायरीला पडदा लाल ओळींनी भरून गेला.

"कळलं ना, मास?" लास्त्रींनी अगदी गोड आवाजात विचारलं.

"होय होय," तो बोलून गेला, आणि खोलीत असा हशा पिकला की त्याचे कान तापले.

लास्त्री हसल्या नाहीत. त्यांना राग आला होता, आणि तो एकट्या स्वतःसाठी नव्हता.

"चढवतो वेबसाइटवर तुमची पानं," गिलांग पुटपुटला. "पण ते वरचं वाक्य काढा. 'अडलात तर चूक आमच्या पानाची' म्हणे. माझी अब्रू जाते."

"जाऊ दे. ते वाक्य राहणार नसेल तर माझं एक अक्षरही मिळणार नाही."

त्याने मान तुकवली. "बरं. खाली नाव तुमचं घालू?"

"अडलेल्यांची घाला. पहिलं माझं, मग हे दहा." लास्त्रींनी वही पुढे सरकवली.

गिलांगने अकराही नावं घातली आणि पान चढवायला बोट उचललं.

"थांबा," लास्त्री म्हणाल्या. "बारावं राहिलं."

त्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग खाली स्वतःचं नाव लिहिलं.