वाटी आणि एकविसावा तुकडा

लखनौत बँकेच्या नोकरीत इतकी वर्षं काढली, पण माणसाला इतक्या अदबीने छळणारा गृहस्थ आमच्या आलमबागच्या घरमालकांखेरीज दुसरा पाहिला नाही. मूळचे सांगलीचे, वनस्पतींवर संशोधन करून निवृत्त झालेले आणि एका परदेशी संगीतरचनेच्या पुरते नादी लागलेले. त्या रचनेत म्हणे पन्नासेक छोटे छोटे तुकडे. कोणत्याही वाद्यावर वाजवा, प्रत्येक तुकडा मनाला येईल तितका घोळवा आणि पुढे जा. फक्त मागे राहिलेल्याला फार दूर सोडायचं नाही. सगळे शेवटच्या तुकड्यावर जमले की एकेकाने थांबायचं. आणि या सगळ्यांना सांभाळायला एकजण पहिल्यापासून अखेरपर्यंत एकच स्वर ठोकत बसणार. हा मान त्यांच्या पत्नीचा, म्हणजे आमच्या काकूंचा. त्या एका हाताने स्टीलच्या वाटीवर चमचा मारायच्या आणि दुसऱ्याने तांदूळ निवडायच्या.

दर दोन-तीन महिन्यांनी काका त्या रचनेला नवा अवतार देत. एकदा तीन कुकरच्या शिट्ट्यांवर प्रयोग झाला. वरण करपलं, तरी काका खूश, म्हणाले की रचनेचा नवा अर्थ लागला. एकदा भाजीवाल्या भैयालाच त्यांनी फाटकात उभं करून त्याची आरोळी तुकड्यात बसवायला घेतली. त्या भल्या माणसाने अकरा वेळा ‘लौकी’ म्हटलं, हात जोडले आणि दुसऱ्या दिवसापासून तो पलीकडच्या गल्लीतून जाऊ लागला. माझ्या वाट्याला बिस्किटांचा रिकामा डबा होता. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण काका आधी चहा पाजत. पण दर वेळी काहीतरी बिनसे आणि शेवटचा तुकडा काही येत नसे.

यंदा मुलाने दोघांना कायमचं पुण्याला बोलावलं. गणपती झाले की चारबाग स्टेशनहून गाडी. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत काकांनी शेवटचा प्रयोग मागून घेतला आणि मला म्हणाले, “एकदा शेवटपर्यंत ऐकू दे, मग पुण्यात गप्प बसेन.” पेटी, तबला, चार झांजा, माझा डबा, एका मुलीचा कीबोर्ड, काकांचा माऊथऑर्गन आणि काकूंची वाटी. वीस तुकडे असे सुरेख गेले की काकांचे डोळे भरून आले. एकविसाव्यावर झांजवाल्यांना चेव चढला. समोर गणपती, हातात झांज आणि तेच ते वाजवायचं. मराठी माणूस किती दम धरणार? लय चढली, पेटीवाल्या बाई उठून उभ्या राहिल्या आणि बघता बघता आरती सुरू झाली. सांगायला लाज वाटते, मीही डबा बडवत त्यात होतो. मग प्रसाद वाटला. काका हातात मोदक धरून एवढंसं तोंड करून बसले.

सगळ्यांची तोंडं मोदकाने बंद झाल्यावर ऐकू आलं: टिंग, टिंग, टिंग. काकू थांबल्याच नव्हत्या. एवढ्या आरतीतही त्यांची लय तसूभर हलली नव्हती.

“अहो,” त्या म्हणाल्या, “एकविसाव्यावर होता तुम्ही.”

काकांनी मोदक खाली ठेवला आणि माऊथऑर्गन तोंडाला लावला. मी डबा उचलला. कीबोर्डवाल्या मुलीला मराठी सगळं समजतं, पण ती बोलते हिंदीत. ती हात पुसत आली, “अंकल, रुकिए, मैं भी हूँ.” ओशाळलेले झांजवालेही एकेक करून परतले. या खेपेला कोणी कोणाला मागे सोडलं नाही, आणि शेवटचा तुकडा आला. एकेकजण थांबला, काकाही थांबले, उरली फक्त वाटी. काकू मारत राहिल्या, काका डोळे मिटून ऐकत राहिले. पुरे म्हणायचा आमचा कोणाचाच धीर झाला नाही.

आता त्यांच्या वरच्या मजल्याला कुलूप आहे. मला दोघांची फार आठवण येते. काकू जाताना ती वाटी मला देऊन गेल्या. मी तिच्यात वरण घेतो. चमचा लागून टिंग झालं की माऊथऑर्गन सुरू होईल म्हणून उगाच वर बघत थांबतो, आणि वरण गार होतं.