आंबा घाटातला सातवा

मी आठवीला विज्ञान शिकवते. अमावस्येला केस धुणारी, मांजर आडवं गेलं तर त्यालाच बाजूला हो म्हणणारी बाई आहे मी. इथले भुताखेतांचे अनुभव वाचून 'झोप कमी झाली असेल' अशी कमेंट टाकणाऱ्यांत माझंही नाव सापडेल. त्यामुळे आता लिहिताना थोडी लाज वाटतेय... पण लिहिते.

राजारामपुरीत आमचा सायकलवाल्यांचा ग्रुप आहे, सहा जणांचा. पुढारी आबा - एस.टी.तून रिटायर झालेले ड्रायव्हर, वय त्रेसष्ट, पायात अजून पंचविशीचा जोर. दोन नंबरला नितीन, दातांचा डॉक्टर. मधे तिघं. आणि शेवटी मी, एक्कावन्न वर्षांची, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेली. दरवर्षी श्रावण सरताना आम्ही सायकलनं रत्नागिरीला जातो आणि दुसऱ्या दिवशी परत येतो. येताना आंबा घाट चढावा लागतो, खरी परीक्षा तीच.

ग्रुपचे नियम दोन. पहिला - सगळे पोचले तरच ट्रिप झाली, आणि झाली तरच पुढच्या रविवारी जोतिबाला जाऊन गुलाल लावायचा. दुसरा मोजणीचा. एकदा नितीन मलकापूरच्या अलीकडे पंक्चर काढत बसला होता आणि आम्ही पुढं हॉटेलात त्याच्या वाटणीचे वडेसुद्धा खाऊन मोकळे झालो होतो. तेव्हापासून आबा पुढून "एक" ओरडतात, मागोमाग नितीन "दोन", असं करत माझ्यापर्यंत. "कंडक्टर पॅसेंजर मोजल्याबिगर बेल देतोय व्हय?" हे आबांचं तत्त्वज्ञान.

मागच्या वर्षी घाटाच्या अर्ध्यात मी आमचं सामान घेऊन सोबत येणाऱ्या टेम्पोत बसले. ट्रिप झाली नाही, गुलालही नाही. घरी नवऱ्यानं माझं नावच ठेवलं - टेम्पो. या वर्षी निघतानाही दारात उभा राहून म्हणाला, "टेम्पोवाल्याला सांगून ठेवलंयस न्हवं?" मी मनात म्हटलं, या खेपेला काय वाटेल ते होवो, सायकलवरून उतरायचं नाही.

रत्नागिरीहून पहाटे निघालो. साखरपा मागं टाकलं तेव्हा साडेदहा वाजले होते. टेम्पो चहा-नाष्ट्याची सोय बघायला वर आंबा गावात गेला होता - म्हणजे आमच्या मागं आमचं कुणीही नव्हतं, हे ध्यानात ठेवा. घाट सुरू झाला आणि धुकं उतरलं. दहा फुटांवरचं दिसेना. आबांनी बजावलं, आवाजाच्या बाहेर कुणी जायचं नाही आणि दर दोन वळणांनी मोजणी.

पहिल्या मोजण्या नीट झाल्या. मग माझा गुडघा बोलायला लागला. एका वळणावर वाटलं, बास झालं. ब्रेक दाबला, एक पाय खाली टेकणारच होते... तेवढ्यात पुढून मोजणी आली. एक, दोन, तीन, चार, पाच. मी कसंबसं "सहा" म्हटलं.

आणि माझ्या मागून आवाज आला, "सात."

धापा टाकणारा आवाज. बाईचा की बाप्याचा ते सांगता येत नाही, पण माझ्याहून जास्त दमलेला. खरं सांगते, भीती वाटली नाही. एवढंच वाटलं की अगं बाई, माझ्याही मागं कुणीतरी आहे, आणि मी थांबले तर ते एकटं पडेल. वळून पाहिलं तर नुसतं धुकं. मी पाय परत पेडलवर रोवला.

"दमानं या," मी ओरडले. "गिअर हलका टाका. मी हाय पुढं."

पुढच्या मोजणीला परत "सात". मग मी वर्गातल्यासारख्या सूचनाच देत सुटले - खांदे सैल सोडा, वर बघू नका, पुढच्या वळणापुरतंच बघा. दुसऱ्याला शिकवता शिकवता स्वतःचा गुडघा विसरायला झाला. चार की पाच मोजण्या झाल्या असतील, दर वेळी तो आवाज थोडा मोकळा होत गेला. शेवटचा "सात" तर ठणठणीत होता. त्यानंतर चढ संपला, धुकं खाली राहिलं आणि समोर आंब्याचं हॉटेल दिसलं. मी घाट चढले होते, एकदाही न उतरता. मला रडू आलं आणि ते मी लपवलंही नाही.

टेबलावर चहाचे सात कप होते.

"आबा, सात कशाला?"

"म्या मोजलं की. वाटंत कोण पावणं जोडून घेतलंसा, बाई?"

म्हणजे सगळ्यांनी ऐकलं होतं. नितीनला वाटलं होतं मी चेष्टा करतेय, बाकीच्यांना वाटलं साखरप्याचा कुणी सायकलवाला मागं लागलाय. आम्ही पाऊण तास वाट पाहिली. नितीन तीन-चार किलोमीटर खाली जाऊन आला. "कोण न्हाय," तो म्हणाला. "रस्त्याच्या कामावरची माणसं हायत तिथं. सहाच सायकली गेल्या म्हणत्यात."

आबा गंभीर झाले. "मोजणीत आला तो आपला. तो पोचला न्हाय तर ट्रिप पुरी न्हाय."

एवढं करून या वर्षीही तेच?

आबा माझ्याकडे वळले. "बाई, त्याच्या फुडं तुमीच हुतासा. तुमी सांगा, पोचला का न्हाय?"

मला तो शेवटचा ठणठणीत आकडा आठवला. "पोचला," मी म्हटलं. "माझ्या मागनं वर आला. पोचला."

आबांनी मान डोलावली, सातवा कप उचलला आणि गार झालेला चहा स्वतः पिऊन टाकला. "चला मग."

उरलेल्या रस्त्यात प्रत्येक मोजणी सहावरच संपली. दिवस मावळायच्या आत आम्ही कोल्हापुरात होतो. नवरा दारातच उभा. "टेम्पो कुठाय?"

"रिकामा आला," मी सांगितलं.

रविवारी जोतिबाला गेलो. आबांनी आम्हा सहा जणांना गुलाल लावला आणि एक चिमूट वाऱ्यावर सोडली.

प्रतिध्वनी म्हणावा, तर तो "सहा" म्हणाला असता. दमलेल्या डोक्याचा खेळ म्हणावा, तर सहा डोक्यांत एकच खेळ कसा? ध्वनीचा धडा दरवर्षी शिकवते मी, त्यात याचं उत्तर नाही. कोण होतं ते मला आजही माहीत नाही... पण कुणीही असो, त्याला आंबा घाट मी चढवलाय.