कार्गोवाल्या चाचांचा साहेब

अख्ख्या आखातात भर जुलैत कातडी कोट घालून थंडीनं कुडकुडणारा माणूस एकच असेल, आणि तो आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. मूळचे रत्नागिरीकडचे, दुबईपलीकडच्या उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात त्यांचं कार्गोचं दुकान आहे. एक शटर, एक वजनकाटा, एक व्हॅन आणि एक एसी. बाहेर अठ्ठेचाळीस डिग्री असली तरी तो एसी सोळावरच, कारण सतरावर गेला की कोट अंगावर सहन होत नाही. हमरिया फ्री झोनमधून ड्यूटी संपवून घामानं निथळत आलेली माणसं गावी पाठवायचा खोका घेऊन आत शिरतात आणि शिंकत बाहेर पडतात. मी एकदा आईसाठी ब्लँकेट पाठवायला गेले होते. सामानाची यादी लिहून होईपर्यंत ते ब्लँकेट मीच पांघरून बसले, आणि चाचांनी वजनाला मागितलं तेव्हा द्यायला अगदी जिवावर आलं. "चाचा, कोट काढा आणि एसी बंद करा, दोन्ही प्रश्न एकदम सुटतील," असं म्हटलं तर म्हणाले, "वहिनी, कोट आहे म्हणून दुकान आहे." यावर काय बोलणार, कपाळ?

या कोटामागे एक साहेब आहे. "साहेब असता तर असा उभा राहिला असता," "साहेबानं हे नुसतं बघून ओळखलं असतं," असं चाचांचं दिवसभर चालू असतं. पहिले सहा महिने मला वाटायचं, साहेब म्हणजे ज्याच्या नावावर दुकान चालतं तो अरबी स्पॉन्सर. मग कळलं की साहेब हा पन्नासेक वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन पिक्चरमधला प्रायव्हेट डिटेक्टिव्ह. न्यूयॉर्कचा, उंचापुरा, गुडघ्यापर्यंत कातडी कोट, आणि काळा. पेपरवाले 'कृष्णवर्णीय' लिहितात. चाचा सरळ काळा म्हणतात, आणि तेही डॉक्टर किंवा बॅरिस्टर म्हणावं अशा थाटात. विशीत ते इथं आले तेव्हा आठ जणांच्या खोलीत एक व्हिडिओ होता आणि आधीचा कुणी मागे ठेवून गेलेली एकच कॅसेट. शुक्रवार आला की बिर्याणी आणि साहेब. आठांपैकी सातजण दोन महिन्यांत कंटाळले, चाचा अजून कंटाळायचे आहेत. इंग्रजी तेव्हा येत नव्हतं, त्यामुळे खून कुणी केला हे त्यांना पहिली दोन वर्षं कळलंच नव्हतं. "मी खून बघायला बसत नव्हतो, वहिनी. मी चाल बघायला बसत होतो."

चाल म्हणजे पहिला सीन. साहेब एका मोठ्या हॉटेलच्या पुढच्या दारातून आत जातो. बस्स, एवढंच. दरवान दार उघडतो आणि साहेब आत जातो. हा सीन चाचांनी मला निदान वीस वेळा करून दाखवला आहे, स्वतः दरवान होऊन आणि मग पळत बाहेर जाऊन स्वतःच साहेब होऊन. "त्याच्याआधी पिक्चरमध्ये काळा माणूस कशाला असायचा? दार उघडायला. बॅगा उचलायला, लोकांना हसवायला, नाहीतर अर्ध्या तासात मरायला. हा पहिला बघितला मी, ज्याच्यासाठी दुसऱ्यानं दार उघडलं." आणि मग त्यांचा सिद्धांत सुरू होतो. हिरो येताना कॅमेरा आधी बूट दाखवतो, मग कोट, मागे ढॅण ढॅण बाजा, हे सगळं साहेबाचं. हिंदीवाल्यांनी उचललं, साऊथवाल्यांनी उचललं, आपल्या मराठीतला इन्स्पेक्टरसुद्धा जीपमधून उतरताना आधी बूटच टेकवतो. "चाल घेतली, कोट घेतला, बाजा घेतला. रंग तेवढा कस्टममध्ये अडकला." मी खो खो हसले. चाचा हसले नाहीत.

त्यांच्याबरोबर कुठलाही पिक्चर बघणं ही शिक्षा आहे. दर दहा मिनिटांनी बोट वर जातं आणि "साहेब!" अशी आरोळी येते. चाचीच्या भाच्याच्या लग्नाचा व्हिडिओ बघतानाही नवरदेव गाडीतून उतरला आणि चाचा ओरडले, "बघा, बूट आधी!" माझा मुलगा तर त्यांना बघितलं की उठतोच. "मॉम, नॉट विथ चाचा, प्लीज!"

पण नुसता कोट घालून कुणी डिटेक्टिव्ह होत नाही, हे चाचांनाही ठाऊक आहे. त्यांचा तपास चालतो खोक्यांवर. कस्टमसाठी प्रत्येक खोक्यातल्या वस्तूंची यादी करावी लागते, त्यामुळे खोका उघडून, सगळं बाहेर काढून, पुन्हा भरून दोरीनं आवळायचं काम चाचा स्वतः करतात. दूध पावडर, बदाम, अत्तर, साबण, चॉकलेटं एकेक बाहेर येऊ लागली की त्यांचे डोळे बारीक होतात. साबण जास्त आणि चॉकलेट कमी, म्हणजे पोरं मोठी झाली. दोन अगदी सारख्या साड्या, म्हणजे आई आणि बायको एका घरात. आमच्या ऑफिसच्या स्टोअरकीपरच्या खोक्यात इस्त्री, मिक्सर आणि पडदे निघाले तेव्हा चाचा माझ्या कानाशी पुटपुटले, "महिन्याभरात राजीनामा देणार हा." मी हसण्यावारी नेलं. तिसऱ्या आठवड्यात त्यानं कागद आणून माझ्याच टेबलावर ठेवला. आता हेही सांगायला हवं की एका बिनलग्नाच्या वेल्डरच्या खोक्यात बेबी पावडरचे सहा डबे बघून चाचांनी भर दुकानात त्याला मिठी मारून मुबारकबाद दिली होती. त्याच्या आजीला घामोळं होत होतं, बिचारा. अशा केसेस चाचा धरत नाहीत.

हसायचं ते हसून घेतलं. आता दुसरं सांगते. चाचा स्वतः चांगलेच काळे आहेत. लहानपणी गावात पोरं त्यांना 'तवा' म्हणायची, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही खोका बांधता बांधता, खाली मान घालून. आणि त्यांची एकुलती एक रुबिना रंगानं अगदी बापावर गेली आहे. अबुधाबीच्या एका हॉस्पिटलमध्ये ती एक्स-रे काढते, सुट्टीला घरी येते, आणि जिभेनं इतकी तिखट की माझी आणि तिची पहिल्या दिवसापासून गट्टी. तिला चार स्थळं आली. चारही "कळवतो" म्हणून गेली आणि गेली ती गेलीच. एक बाई तर चाचीच्या हातचा खिमा-पाव हाणून, ढेकर देऊन म्हणाली, "पोरगी गुणी आहे हो, पण रंग..." मला तेव्हा तिच्या ताटात पाणी ओतावंसं वाटलं होतं. चाचा त्या दिवशी दुकानात जाऊन रिकामे खोके बांधत बसले.

पाचवं स्थळ श्रीवर्धनकडचं. मुलगा अबुधाबीतच बँकेत. फोटो आला तो पिठात लोळवल्यासारखा गोरा. बघायचा कार्यक्रम पुढच्या महिन्यात ठरला, तोवर थोरांच्या परवानगीनं फोनवर बोलणं सुरू झालं. व्हिडिओ कॉल इथं धड लागत नाहीत, हे दोन्हीकडच्या आयांच्या पथ्यावरच पडलं. तीन आठवड्यांनी रुबिना माझ्या ओट्याशी उभी राहून काकडी खाता खाता म्हणाली, "आंटी, ही इज फनी." एवढंच. पण मी काही कालची नाही. त्या पोरीला तो मुलगा मनापासून आवडला होता, आणि यावेळी नकार आला तर ती पुन्हा कुणासमोर बसणार नव्हती, हे तिनं मला बजावूनच सांगितलं होतं.

आणि चाचांनी काय करावं? श्रीवर्धनच्या बाजूला घरपोच खोका नेऊन देणारे ते एकटेच, त्यामुळे अबुधाबीचे खोकेही त्यांच्या व्हॅनमधून येतात. एका शनिवारी एक खोका आला, त्यावर पाठवणाऱ्याचं नाव त्याच मुलाचं. चाचांनी तो उघडला. आत गोरं करणाऱ्या क्रीमच्या चोवीस ट्यूब! त्यांनी यादी पुरी केली, खोका बांधला, सहाही बाजूंना पत्ता लिहिला, आणि हे स्थळ आणणाऱ्या रत्नागिरीच्या बहिणीला फोन लावून ते मोडून टाकलं. घरी येऊन म्हणाले, "जमत नाही. खलास." का, ते सांगितलं नाही.  दुसऱ्या दिवशी रुबिना माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आंटी, यावेळी तर त्यांनी मला अजून बघितलंसुद्धा नव्हतं."

मी तडक दुकानात गेले. चाचांनी मोठ्या दिमाखात मला तपास समजावून सांगितला. चोवीस ट्यूब ज्या घरात लागतात त्या घरात आपली पोरगी कशी काय टाकायची? "अहो, पण हे तिला सांगितलंत का?" मी इतकी ओरडले की वजनकाट्याजवळचा माणूस मागे सरला. "तिला वाटतंय, त्यांनी नकार दिला! पाचव्यांदा!" चाचांचा चेहरा उतरला. पण अडून बसले. "पुरावा आहे, वहिनी." मी म्हटलं, घाला चुलीत तो पुरावा.

पुढच्या शनिवारी सकाळीच चाचांचा फोन. "लगेच या. मुलगा आलाय, नकार का दिला विचारायला. साक्षीदार पाहिजे." जाऊन बघते तर कोट घातलेले चाचा टेबलाच्या अलीकडे, आणि पलीकडे अर्ध्या बाह्यांच्या शर्टात कुडकुडणारा एक तरुण, चाचांपेक्षाही दोन छटा गडद! मी फोटो आठवून बघितला, मग मुलाकडे बघितलं, मग चाचांकडे. तो खाली बघत म्हणाला, "तो फोटो... मावशीनं स्टुडिओत करून घेतला होता. मी नको म्हणत होतो." चाचांनी टेबलावर हात आपटला. "ते राहू दे. चोवीस ट्यूब. कुणासाठी?"

मुलगा आधी गोंधळला. मग त्यानं फोन काढून आईनं पाठवलेली यादी वाचायला घेतली. शेजारच्या हमीदाबीच्या सुनेला दोन. मशिदीमागच्या तिघी बहिणींना सहा. शाळेतल्या बाईंना एक. मच्छीवालीच्या मुलीला दोन, तिचं लग्न आहे. न्हाव्याला सहा, तो दुकानात लावतो. अशी आणखी नावं वाचता वाचता चोवीस संपल्या. "आमच्या घरात कोण लावणार, चाचा? आम्हाला लावून तरी काय होणार आहे?" तो दात वाजवत म्हणाला, आणि मला फस्सकन हसू आलं. आखातातून गावी जाणारा खोका कधी एका घराचा असतो का? अख्खी आळी त्यात आपापलं मागवते. पंचवीस वर्षं तेच खोके बांधणाऱ्या माणसाला हे मी सांगायचं? बाप होऊन उघडला ना तो खोका, मग कसलं डोकं चालतंय! चाचांनी उठून आधी एसी बंद केला. मग त्या पोराला चहा मागवला.

खरी परीक्षा घरी होती. मी जिन्यातूनच सटकणार होते, पण चाचीनं आत ओढलं. चाचा उभ्या उभ्याच म्हणाले, "रुबिना, त्यांनी नकार दिला नव्हता. मी दिला." ट्यूबची आणि फोटोची सगळी हकिकत त्यांनी एका दमात सांगून टाकली. "यू, अब्बा?" एवढं म्हणून ती खोलीत गेली आणि दार लागलं. दोन तास चाची माझ्या हातात हात देऊन बसली होती. दार उघडलं तेव्हा रुबिनाचे डोळे सुजले होते. "चोवीस ट्यूब मोजल्यास. मला एकदा विचारावंसं नाही वाटलं?"  मग तिनं आम्हा सगळ्यांसमोर मुलाला फोन लावला आणि म्हणाली, "खरा फोटो पाठव. आत्ता." फोटो आला. बघून ती इतकी हसली, इतकी हसली, की चाची रडायला लागली.

लग्न झालं. जावयाला कॅसेटवाला पिक्चर दाखवण्यात आला, आणि हॉटेलच्या दाराचा सीन बघून तो आपणहून म्हणाला, "हे तर आपल्या सगळ्या हिरोंनी चोरलंय की!" चाचांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. पोरगा पास.

तिचं सामान अबुधाबीला न्यायचं होतं. दोन तासांचा रस्ता, पण चाचांनी खोके असे बांधले की जणू महिनाभर जहाजात पडून राहणार आहेत. दुहेरी दोरी, चारी कोपऱ्यांना पुठ्ठा. एक खोका उघडाच राहिला होता. आतलं सामान त्यांनी बघितलं नाही, तसंच बंद केलं, आणि मार्कर माझ्या हातात देत म्हणाले, "वहिनी, याच्यावर पत्ता तुम्ही लिहा." मी लिहिलं. तिकडे गेलो, खोके वर चढवले, जेवलो, रुबिना खाली व्हॅनपर्यंत सोडायला आली, बापाच्या गळ्यात पडली आणि "यल्ला अब्बा, ट्रॅफिक लागेल," म्हणून तिनंच आम्हाला हाकललं.

परत येताना चाचा गाडी चालवत होते, चाची आणि मी शेजारी. दुबई मागे पडली.  मग चाचा समोर बघत म्हणाले, "वहिनी, पिक्चरमध्ये साहेबाला पोरगी दाखवलेली नाही."

"मग?"

"म्हणून त्याला सगळं कळायचं."

चाचीनं पदरानं डोळे टिपले.