हुकातली शिवळ

पुढे चाललेल्या ट्रॉलीत माणसं बसलेली दिसली की आजही मी हात दाखवून ती थांबवतो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण वर्धा जिल्ह्यातला तो उतार आणि तो नाला डोळ्यांपुढून हलत नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. माझं पोलीस ठाणं हिंगणीच्या बाजूच्या जंगलपट्टीत होतं. बैल विकून ट्रॅक्टर घेणारे शेतकरी तेव्हा नव्याने दिसू लागले होते. ट्रॅक्टर कोरा करकरीत, ट्रॉली मात्र कुठल्या तरी वेल्डरकडून जोडून घेतलेली. तिला नंबर नाही, ब्रेक नाही, मागे लाल दिवा नाही, हूक निसटला तर धरून ठेवणारी साखळी नाही. कायद्याला हे सगळं हवं होतं. शेतमालाच्या ट्रॉलीत माणसं बसवू नका, हेही कायदा सांगत होता. पण ट्रॉलीत बसणार कोण? मजूर बाया. त्यांच्यासाठी कायदा वाचायला कोणाला सवड होती!

अशाच एका ट्रॉलीने एका बाईचा जीव घेतला. नाल्यावरचा चढ चढताना ट्रॉली ट्रॅक्टरपासून सुटली, मागे घरंगळली आणि नाल्यात उलटली. ट्रॅक्टरमालकाने जबाब दिला, "ट्रॉलीत फक्त कापूस होता. बाई पायी चालली होती, तिच्या अंगावर गेली. सालदारानं पिन नीट लावली नाई." सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. ट्रॅक्टर तोच चालवत होता. निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याचा गुन्हा नोंदवून त्याला अटक केली. ट्रॉली जप्त झाली. ट्रॅक्टर धड होता, तो सुपुर्दनाम्यावर, म्हणजे बोलावलं की हजर करण्याच्या हमीवर, मालकाला परत दिला.

पंचनाम्यात एक गोष्ट खटकली होती. हुकात पिन जागेवर होती आणि ती वर सरकू नये म्हणून टोकाच्या भोकात घालायची खिट्टीही शाबूत होती. मालक म्हणाला, "पिन पडली होती, मीच उचलून लावली." पण खिट्टी लावलेली पिन वर सरकत नाही. आणि खिट्टी लावलीच नव्हती, तर ती अपघातानंतर आली कुठून? सालदाराला खोदून विचारलं. तो भिंतीकडे पाहत एवढंच म्हणे, "चुकलं साहेब."

दोन दिवसांनी दुपारी एक म्हातारी ठाण्याच्या दारात येऊन उभी राहिली.

"काय पाहिजे माय?" हवालदाराने विचारलं.

"साहेबाले एक इचाराचं हाये. ट्रॉलीत बसाव का नाई?"

हवालदार हसला. "आता बसाले बी ठाण्यातून परवानगी पाहिजे का तुले?"

म्हातारी हसली नाही. मला बघून पुढे आली. "ते मेली ते पायी नोती साहेब. आमी साऱ्या जणी कापसावर बसलो होतो. मालकानं सांगतलं, बोलसान तर उद्यापासून कामावर येऊ नोका." तिने दाराबाहेर रस्त्याकडे बोट दाखवलं. "आज दुसऱ्याची ट्रॉली मागून त्यानं बाया वावरात नेल्या. माही पोरगी बी गेली. म्या नको म्हटलं, तं म्हणते, बुढे, तू लय भेतं."

मी थेट कोठडीकडे गेलो. गजांपाशी बसलो.

"ट्रॉलीत बाया होत्या, हे मला कळलं आहे. आता खरं सांग. हुकात काय होतं?"

तो भिंतीकडेच पाहत बोलला. "पिन नोती साहेब. शिवळ होती. पिन मालकानं मंगाहून लावली."

शिवळ म्हणजे बैलाच्या मानेशेजारी जुवात अडकवायची लोखंडी कांब. आमच्याकडे पहिल्या वेचणीला शेतात सीतादहीची पूजा होते. बैल विकल्यापासून या घराने स्वतःची एक रीत पाडली होती. पूजेच्या दिवशीचा पहिला कापूस घरी यायचा तो जुन्या बैलजोडीच्या शिवळीवर. ट्रॅक्टरची पिन काढून मालक स्वतः हुकात शिवळ घालत असे. पिनेपेक्षा बारीक, खालच्या टोकाला खिट्टीसाठी भोक नाही, प्रत्येक धक्क्याला थोडी वर सरकणारी.

"मग आधी का बोलला नाहीस?"

"काऊन बोलू?" त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मी बौद्ध. मी शिवळीचं नाव घेतलं, तं गाव म्हणन आमच्या पूजेवर ठपका ठेवला. मी इथं कुलपात हाये साहेब. माह्ये लेकरं वस्तीत हायेत."

मी उठलो तसा त्याने विचारलं, "आज कापूस निघून राह्यला का?"

"हो. बाया शेतात गेल्या आहेत."

तो ताडकन उभा राहिला. "मंग पळा साहेब! त्या दिवशीचा कापूस नाल्यात सांडला. पहिला कापूस घरी पोचलाच नाई. आज बी तो शिवळच लावन!"

जीप उताराच्या माथ्यावर आली तेव्हा ट्रॉली आमच्या पुढेच होती. मालक ट्रॅक्टरवर, मागे कापसाची गाठोडी, गाठोड्यांवर बाया. उताराच्या तळाशी तोच नाला, पलीकडे तोच चढ. ड्रायव्हरचा हात हॉर्नकडे गेला. मी तो धरला. मालकाने दचकून ब्रेक दाबला असता, तर बिनब्रेकची ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलत गेली असती.

"बाजूने काढ. हळू."

जीपची दोन चाकं रस्त्याखाली उतरली. आम्ही ट्रॉलीला घासून पुढे जात होतो. वरून एक पोरगी ओरडली, "साहेब, चाला का कापूस वेचाले?" साऱ्या खिदळल्या. ट्रॉलीचं चाक माझ्या हाताच्या अंतरावर फिरत होतं. प्रत्येक खड्ड्याला हुकातून खण्ण असा आवाज येत होता. मीही हसून हात हलवला. माझी नजर मात्र हुकावरच होती.

पुढे होऊन जीपचा वेग हळूहळू कमी केला. नाल्याच्या सपाटीवर, चढ लागण्याआधी, ट्रॅक्टर आमच्या मागे येऊन थांबला.

"चाकांना दगड लावा! बायांनो, उतरा खाली."

मालक चिडला. "काय साहेब, चालान फाडता का?"

मी हुकाशी वाकलो. शिवळ इतकी वर आली होती की तिचं टोक जेमतेम कडीत अडकलं होतं. मी ती दोन बोटांनी काढली. जोर लावावाच लागला नाही.

मालक ट्रॅक्टरवरून उतरून आला. म्हणाला, "माह्या बैलाची हाये साहेब. त्यानं कधी दगा नाई देला."

"बैल पाय रोवून उभा राहतो," मी म्हणालो. "या लोखंडाला पाय आहेत का?"

तो खाली बसला. बायांनी गाठोडी डोक्यावर घेतली आणि चढ पायी चढल्या. थट्टा करणारी पोरगी म्हातारीचीच होती. आता ती सर्वांत मागे होती आणि वळून वळून हुकाकडे बघत होती.

पुढे तपासात आरोपी बदलला; सालदार सुटला, मालक आत गेला. सालदाराच्या वस्तीवर मी बंदोबस्त ठेवला, आणि गावच्या बैठकीत ती शिवळ सगळ्यांच्या हातातून फिरवली. पूजेला माझा विरोध नव्हता. पूजा ज्याची, धोकाही त्याने घ्यावा. तो मजूर बायांच्या जिवावर ढकलू नये, एवढंच मी बोललो.

त्या प्रकरणानंतर मी रस्त्यावर ट्रॉली थांबवून वाकून पिन, खिट्टी आणि साखळी बघायला लागलो. अजूनही बघतो. अंगावर वर्दी नसल्यामुळे ट्रॅक्टरवाले हसतात, कोणी म्हातारा चळला म्हणतो. म्हणोत. कापसावर बसलेल्या बाईला हूक दिसत नसतो. तो तिच्यासाठी कोणीतरी खाली वाकून बघावा लागतो.